यवतेश्वर, कास, बामणोली: टूरिंगच्या गाडीचा सायलेन्सर पारखताना

दुकानात गाडी स्टँडवर लावून रेस केली की कुठलाही सायलेन्सर भारीच वाटतो. टूरिंगच्या गाडीची खरी परीक्षा साताऱ्याच्या समर्थ मंदिर चौकातून वर वळलं की यवतेश्वरच्या चढाला होते: मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा, दुसरा गिअर आणि इंजिन तीन हजार आरपीएमच्या आसपास. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला आम्ही स्लिप-ऑन (इंजिनाकडची नळी तशीच ठेवून फक्त मागचा डबा बदलतात तो सायलेन्सर) लावून निघालो ते यासाठीच.

चढाला पहिल्यांदा कळतो तो खालचा टॉर्क. सिंगल सिलिंडरला रुंद, आरपार नळीचा सायलेन्सर लावला तर वरच्या आरपीएमला गाडी मोकळी वाटेल, पण वळणातून बाहेर पडताना ओढ कमी पडू शकते. गॅरेजमध्ये याला ‘बॅकप्रेशर गेलं’ म्हणतात. खरं तर प्रत्येक ठोक्यामागे नळीत दाबाची जी लाट मागे-पुढे होते, तिची वेळ बदलते. सायलेन्सर नळीवर जिथे बसतो त्या जोडाचा व्यासही व्हर्नियरने मोजूनच घ्यावा. एखादा मिलिमीटर जरी सैल असला, तर क्लॅम्प कितीही आवळा, गळती राहतेच.

ही गळती उतारावर ऐकू येते. थ्रॉटल सोडला की नळीत फटाके फुटतात, कारण जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथे पेट घेतं. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर त्याला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, भासतं, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं. इंजिन थंड असताना गाडी चालू करून जोडावर साबणाचं पाणी सोडा; बुडबुडे आले की जागा सापडली.

पेट्रीच्या पुढे रस्ता जरा मोकळा होतो. तिथे एकाच वेगात दहा मिनिटं चालवा आणि हेल्मेटमध्ये घुमणारा आवाज ऐका. महामार्गावर कोल्हापूरपर्यंत जायचं तर हाच आवाज डोकं उठवतो. ग्लासवूल वरच्या पट्टीचा आवाज चांगला शोषते, खालचा घुमारा मात्र आतल्या कप्प्यांनी जास्त आवरतो. त्यामुळे लांब पल्ल्याला कप्प्यांचा किंवा बॅफल (आवाज अडवणारा आतला भाग) बसवलेला सायलेन्सरच घ्यावा, आणि बॅफल काढू नये. वूल जळून उडते. मग आवाज पोकळ होतो, डबा जास्त तापतो. मागची टोपी रिव्हेटने किंवा बोल्टने बसवलेली असेल तर नवी वूल भरता येते. वेल्डिंग असेल तर डबा कापावाच लागतो.

कास पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि फुलांच्या दिवसांत तिथे माणसं पायी चालत असतात. तिथून फाडफाड करत जाणं मला अजिबात पटत नाही. कायदाही स्पष्ट आहे: आवाजाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे तेही आधी बघा. तो बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या नळीत, असेल तर स्लिप-ऑनने जागचा हलत नाही. सायलेन्सरच्या डब्यातच असेल तर डब्याबरोबर तोही जातो. अशा गाडीला मूळचाच सायलेन्सर राहू द्यावा.

पावसाळ्यात या रस्त्याला धुकं आणि चिखल असतोच. म्हणून सायलेन्सर कुठल्या स्टेनलेस स्टीलचा आहे ते चुंबकाने बघा: 304 ला चुंबक जवळपास चिकटत नाही, 409 ला चिकटतं. 409 वर तांबूस गंज लवकर धरतो. डब्याखालचं पाणी निघायचं भोक बुजवू नका.

बसवताना घाई नको. गॅस्केट नवीन घ्या, सगळे बोल्ट आधी हातानेच धरवा. सायलेन्सर ब्रॅकेटवर ताण न देता सरळ बसला की इंजिनाकडून मागे आवळत या. वजन क्लॅम्पवर नव्हे, ब्रॅकेटवर यायला हवं, नाहीतर खडबडीत रस्त्यावर जोडाजवळ नळी तडकते. बॅग आणि डबा यांत पाच सेंटिमीटर तरी अंतर ठेवा, तेही मागे माणूस बसवून, सस्पेन्शन दाबून मोजलेलं. इंजिन चालू करण्याआधी स्पिरिटने बोटांचे ठसे पुसा, ते उष्णतेने कायमचे उमटतात.

बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी पोहोचलो की गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. तापून-निवून क्लॅम्प पहिल्या फेरीतच थोडा सैल होतो.