पाणंद

सोलापुरात विजापूर रोडला माझं गॅरेज आहे, सतरा वर्षं झाली. गाड्या उघडायच्या, जोडायच्या, फार तर सात रस्त्यापर्यंत ट्रायल मारायची. ड्युअल स्पोर्ट राइड, म्हणजे एकाच गाडीवर डांबरही आणि कच्चा रस्ताही, हे प्रकरण मी पहिल्यांदाच बघितलं, तेही मेकॅनिक म्हणून. काम एवढंच, की गिऱ्हाइकाच्या एक्सपल्स मोटारसायकलवर सगळ्यांच्या मागं राहायचं आणि पडलेल्याला उचलायचं. त्याला ते 'स्वीप' म्हणतात. आमच्या भाषेत शेपूट.

अकरा गाड्या, जायचं हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर. रात्री परतीचा पाऊस दणकून झालेला. सकाळी म्होरक्यानं सांगितलं, मंद्रूपच्या पुढं डांबर सोडून शेतांमधल्या पाणंदीनं जायचं, मोबाईलवर रस्ता आखलाय. तिथंच मी बोलायला हवं होतं. मी काळ्या रानातच वाढलोय. असा पाऊस झाला की वडील पाणंदीत सायकल खांद्यावर घ्यायचे. पण समोर ती भारीतली जॅकेटं, गुडघ्याला ढाली, आणि माझ्या पायात गॅरेजातलेच बूट. गप्प बसलो.

मुरमावर मात्र मजा आली. एका पोरानं मला उभं राहून चालवायला शिकवलं. टाकी गुडघ्यांनी आवळायची, हँडल सैल, नजर लांब. गाडी खाली नाचते, नाचू द्यायची. दुसऱ्यांच्या गाड्यांचा थरथराट काढण्यात आयुष्य गेलं आणि इथं थरथराट सोसायलाच शिकायचं!

मग त्याच पोराची मागची हवा गेली. सगळ्यांनी हवा पंधरा पॉइंटवर आणलेली, म्होरक्याचा हुकूम. कमी हवेनं कच्च्यात पकड वाढते, खरं आहे. पण या स्पोकच्या चाकात ट्यूब असते. दगडाची धार लागली की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मध्ये चिरडते. काढून बघितली तर शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. बाकीचे अजून खिळा शोधत होते. टायर चढवताना एक कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्यानं दाबून धरली की समोरची कड अलगद बसते. नुसता जोर लावणारा लिव्हरनं नवी ट्यूबही फाडतो. वीस मिनिटांत चाक जागेवर. टाळ्या पडल्या. आवडलं, खोटं कशाला बोलू.

पाणंदीत पहिले पन्नास फूट बरे गेले. मग चाकावर मातीचा थर, थरावर थर, टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च. पुढचं चाक फिरायचंच थांबलं. रेस दिली की मागचं जागेवर फिरतं आणि क्लचचा जळका वास. बाभळीच्या काटकीनं माती खरवडायची, दहा पावलं जायचं, परत खरवडायची. मी तिघांची पुढची मडगार्डं खोलून पाठीवर बांधली. चारच बोल्ट. डांबरावर असतानाच खोलता आली असती. एकाच्या क्लच प्लेटा गेल्याच.

बांधावर एक म्हातारा बसलेला. आधी कानडीत काहीतरी म्हणाला, मग मराठीत, "काल पाऊस झालाय की वो. आमी बैल बी घालत न्हाई हितं."

म्होरक्या मोबाईल दाखवत म्हणाला, "यात रस्ता दिसतोय, काका."

म्हाताऱ्यानं मोबाईलकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी तर हितलंच दिसताव."

दीड किलोमीटरला साडेतीन तास लागले. क्लच गेलेली गाडी दुपारी ऊन पडल्यावर म्हाताऱ्याच्याच पोरांनी ढकलत डांबरावर आणली. कुडलला संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे सन १०१८चा मराठी शिलालेख आहे. वाचेल तो विजयी होईल, असं त्यात लिहिलंय. आम्ही तिथवर पोचलोच नाही.

संध्याकाळी म्होरक्यानं ठरल्यापेक्षा पाचशे जास्त हातावर ठेवले. म्हणाला, "भाऊ, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मी घेतले.