राजाने फाडली म्हणे

जुनी पुस्तकं दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांच्यासोबत एखादी दंतकथाही येते. इथे एडिंबरामध्ये आमच्या कार्यशाळेत एक गृहस्थ ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या पहिल्या आवृत्तीचे तिन्ही खंड घेऊन आले. “यातली प्रसूतिविद्येची चित्रं ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याच्या हुकमाने फाडली,” त्यांनी अभिमानाने सांगितलं. लिलावाच्या कागदावर मात्र शेरा होता ‘संपूर्ण’. लिलाववाले पानं मोजतात तरी का, देव जाणे.

ही आवृत्ती याच शहरात १७६८ ते १७७१ दरम्यान साप्ताहिक भागांत निघाली. छापखाना कॉलिन मॅकफार्करचा, संपादन विल्यम स्मेलीचं, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली चित्रं अँड्र्यू बेलची, एकूण १६०. लोक सुटे भाग घ्यायचे आणि आपापल्या बाइंडरकडून बांधून घ्यायचे. त्यामुळे एखादं चित्र नसलं, तर ते मुळात बसवलंच नव्हतं अशीही शक्यता असते.

तिसऱ्या खंडात ‘मिडवायफरी’ हा प्रसूतिविद्येचा लेख उघडला. मजकूर शाबूत, पण शिलाईलगत तीन चिंचोळ्या पट्ट्या उरलेल्या. कडा सरळ, म्हणजे पात्याने कापलेल्या. दिवा आडवा धरला तर पुढच्या पानावर पात्याची बारीक रेघ दिसली. खाली पुठ्ठा सरकवायचं भान कापणाऱ्याला नव्हतं, तेव्हा तो बाइंडर नक्कीच नव्हे. समोरच्या पानावर चित्राचा डाग होता. काळी छाप ओल्या शाईची, बांधतानाच्या दाबानेही पडते. हा डाग तपकिरी, शाईतल्या तेलाचा. त्याला दशकं लागतात. छपाई होताच राजाचा हुकूम सुटला असता, तर तो पडलाच नसता.

गृहस्थांचा चेहरा उतरला. “मग त्या पट्ट्या काढा आणि नकला चिकटवून द्या, कळू नये अशा.” मी नाही म्हटलं. पट्ट्या राहतील, नकला वेगळ्या पाकिटात आणि ‘नक्कल’ असा शिक्का मारून. गिऱ्हाईक दुखावू नकोस, असं सहकाऱ्याचं मत पडलं. दुखावलं तर दुखावलं.

पण कापली कोणी? वैद्यकाच्या विद्यार्थ्याने म्हणावं, तर त्याने लेख कसा सोडला? घरातल्या सोवळ्या कर्त्याने म्हणावं, तर पहिल्या खंडातली शरीररचनेची चित्रं, उघड्यावाघड्या अवयवांसकट, सगळी जागच्या जागी आहेत.