भिंतीवरचं दार आणि इराण्याची खुर्ची

हल्ली नव्या फ्लॅटमध्ये गेलं की एक तरी जुनी वस्तू दिसतेच. पितळी कड्यांचा पेटारा, वाड्यातल्या खांबाची केलेली लॅम्पची बैठक, नाहीतर कुणाच्या तरी फडताळाचं दार भिंतीवर टांगलेलं. त्या दाराचं मला वाईट वाटतं. दारानं उघडावं, मिटावं, पावसाळ्यात फुगून अडावं. भिंतीवर त्यानं दिवसभर करायचं काय?

माझं मन बसलंय ते इराण्याच्या खुर्चीवर. वाफेवर वाकवलेलं लाकूड, गोल बैठक, बारीक पाय. घराणं थेट व्हिएन्नाचं. तिथले फर्निचरवाले मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये ‘क्रमांक १४’ची खुर्ची काढली. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट, बस्स. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणजे ‘घरी नेऊन जोडा’ हे प्रकरण काही आजचं नाही! त्याच जातीच्या खुर्च्या मुंबईतल्या कयानी, ब्रिटानिया या इराणी हॉटेलांत अजून दिसतात. एका हातानं उचलली जाते आणि पायांमधून फरशी दिसत राहते, त्यामुळे वन बीएचकेतला हॉलही भरून गेल्यासारखा वाटत नाही. अवाढव्य सोफ्याला हे जमायचं नाही.

मुंबईत असलं सामान शोधायचं तर जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. तिथं मोडलेल्या घरांमधलं सागवान मिळतं, तसं घासूनपुसून मुद्दाम म्हातारं केलेलं नवं लाकूडही मिळतं. खरी झीज हात लागतो तिथंच असते: कडीभोवती, खुर्चीच्या हातांच्या टोकांना, पुढच्या काठाला. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर ती पॉलिशपेपरची. खण बाहेर काढून उलटा करून बघावा, लाकूड खरंच जुनं आहे का ते तिथं कळतं. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

घरी आणल्यावर त्यावर चकचकीत मेलामाइन पॉलिश मारू नये, एवढी माझी विनंती. लाखेचं स्पिरिट पॉलिश पुरतं. आणि दिवा बदला. ६५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या उजेडात सागवान आजारी दिसतं, २७०० च्या पिवळ्या उजेडात त्याच्या रेषा वर येतात. भिंती साध्याच राहू द्याव्यात, आणि एका खोलीत जुनी वस्तू एकच असावी. दोन झाल्या की त्या आपापसात बोलू लागतात, आपण उपरे ठरतो.

तेवढं फटीफटीत बॅटरी मारून मात्र बघा. ढेकूणही व्हिंटेज असतात.