कासाळ्यातला चौथा सेल

"एवढे चांगले खेळणे केले होते, मग ते पुढे का नेले नाही?" हा प्रश्न मला चवथीला घरी जमणारे नातेवाईक विचारतात, कॉलेजातील आमच्यानंतरच्या तुकड्यांतील मुले विचारतात आणि आमच्या पाचजणांच्या गटातील एक मित्र तर अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी विचारतो. नोकरी लागली, वेळ मिळाला नाही, असे उत्तर मी आजवर देत आले. ते खरे नाही. तुम्ही विचारलेत म्हणून, आणि विचारायचे थांबत नाही म्हणून, एकदा नीट लिहून टाकते.

खेळणे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. डिचोलीच्या कुंभाराकडून आणलेले लहान घुमट, म्हणजे गोव्याचे मातीच्या मडक्याचे तालवाद्य, बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले. (घोरपडीचे कातडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाद झाले आहे, तरी "अस्सल कातडे का नाही लावले?" असे विचारणारा एक काका प्रत्येक घरात असतोच.) मुलाने ठेका धरला की कातड्याखालची पिझो चकती, म्हणजे कंपाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चकती, ते ठोके टिपते आणि मूल थांबले की घुमट तोच ठेका आपल्या आवाजात परत वाजवते. सुरुवातीला चकतीच्या जागी मायक्रोफोन होता. तेव्हा घुमट स्वतःच्याच आवाजाला उत्तर देत बसायचे. आमच्या प्रयोगशाळेत एका रात्री ते कोणी हात न लावता बराच वेळ स्वतःशी वाजत राहिले होते. चकती बसवल्यावर आणि उत्तर देताना ऐकणे बंद ठेवल्यावर ते शहाणे झाले. 2019 मध्ये घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळालेला असल्यामुळे आमच्या कॉलेजच्या प्रकल्पाचा विषय मंजूर व्हायलाही अडचण आली नाही. इथपर्यंतचे श्रेय मी आनंदाने घेते.

घुमटाबरोबर कासाळे, म्हणजे साथीची झांज, हवेच, असा हट्ट माझा होता. खऱ्या कासाळ्याला वाजायला वीज लागत नाही, पण आमच्या प्रकल्पाच्या नावात "संवादी" हा शब्द होता आणि त्या शब्दाला गुण होते. म्हणून मी प्लास्टिकच्या तबकड्या छापल्या. प्रत्येक तबकडीत कंप जाणवताच जोडली जाणारी स्प्रिंग, एक एलईडी आणि सीआर 2032 जातीचा एक सेल. हा सेल 20 मिलिमीटर व्यासाचा, 3.2 मिलिमीटर जाडीचा आणि 3 व्होल्टचा असतो. दिसायला एखाद्या नाण्यासारखा.

त्या सेलवरचे झाकण माझ्या वाट्याचे काम होते. 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची आहे, आणि विजेच्या खेळण्यांच्या मानकाप्रमाणे असला सेल सहजासहजी मुलाच्या हाती लागता कामा नये. मला हे माहीत नव्हते असे म्हणण्याची सोयही मला नाही, कारण अहवालात त्या मानकाचा आयएस 15644 हा क्रमांक मीच लिहिला होता. तरी मी स्क्रूऐवजी दाबून बसणारे झाकण केले. पिशवीत हलत राहिल्याने स्प्रिंग जोडलेली राहायची, सेल उतरायचे आणि चाचणीच्या मध्येच स्क्रूड्रायव्हर शोधत बसायचा मला कंटाळा यायचा. आम्ही विकणार नव्हतो, नमुना होता, अंतिम आवृत्तीत स्क्रू येणारच होता. हे सगळे तेव्हाही खरे होते. दोन मिलिमीटरच्या स्क्रूंची पुडी माझ्या दप्तरात पडून होती, हेही खरे.

मार्च महिन्यात, शिगम्याच्या सुमारास, आम्ही फोंडा तालुक्यातील एका घरी चाचणीला गेलो. घर गटातील मैत्रिणीच्या बहिणीचे. पाच ते आठ वर्षांची चार मुले ओसरीवर गोल करून बसली होती. खोक्यावर आम्ही "5 वर्षांवरील" असे ठळक लिहिले होते, पण घरात खोका वाचून कोणी बसत नाही. बहिणीचा अडीच वर्षांचा मुलगा हातात खाजे घेऊन त्या गोलात कधी घुसला हे आम्हा पाचजणांपैकी एकालाही कळले नाही. आम्ही मोठ्या मुलांकडे बघत होतो, मी तर किती वेळा कोण हसले याची नोंद करत होते.

अर्ध्या तासाने सामान आवरताना चार तबकड्यांपैकी एकीचे झाकण नव्हते. ती लादीवर पडली असणार, छापील प्लास्टिकची जीभ तुटलेली होती. झाकण चटईखाली सापडले. सेल सापडला नाही. आम्ही चटई झटकली, पायपुसणे उलटे केले, तुळशीपर्यंत अंगण पाहिले. तेवढ्यात धाकट्याला खोकला आला आणि तोंडातून लाळ आली. खाज्याचा चुरा असेल, असे मी मोठ्याने म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून सांगता येत नाही. ताईने, म्हणजे मुलाच्या आईने, माझ्याकडे पाहिले आणि मुलाला उचलले.

इस्पितळात जाताना व्हॅनमध्ये मित्र मोबाइलवर वाचत होता आणि वाचता वाचता गप्प झाला. असा सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते, ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत ऊतक जळू शकते. सेल गिळला असेलच तर केव्हा, हे आम्हाला ठाऊक नव्हते, म्हणून ते दोन तास कुठून मोजायचे हेही ठाऊक नव्हते. इस्पितळात डॉक्टरांनी फक्त तीन प्रश्न विचारले आणि एक्स-रे काढायला पाठवले. फिल्मवर नाणे आणि असा सेल दोन्ही गोल दिसतात, पण सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते, असे त्यांनी आम्हाला समजावले. मी आयुष्यात एवढ्या निरखून कधी काही पाहिले नाही. लहानग्या बरगड्या होत्या, पोटात थोडी हवा होती. गोल काही नव्हते.

संध्याकाळी त्या घरी परत जाऊन घुमट उचलले, तेव्हा आतून टकटक असा बारीक आवाज आला. घुमटाची मागची बाजू उघडीच असते, तिथे आम्ही स्पीकर बसवला होता आणि स्पीकरच्या मागच्या चुंबकाला सेल अर्धवट चिकटून बसला होता. भोक दिसले की त्यात वस्तू टाकायची, हे त्या वयाचे कामच. त्याने ते नीट केले होते. आम्ही वेड्यासारखे हसलो. ताई हसली नाही. "तुमचें हें घुमट घरा व्हरात," (तुमचे हे घुमट घरी घेऊन जा) एवढेच म्हणाली आणि आत गेली.

मुलाला काहीच झाले नाही, मग एवढे काय, असे मित्र म्हणतो. त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मला सिद्ध करता येत नाही. स्क्रू लाव, नाहीतर कासाळ्यातून वीजच काढून टाक, पितळेचे दे, घुमटाचे पेन्सिल सेल बंद कप्प्यात ठेव, प्रमाणपत्र घे आणि विक. यातील एकही गोष्ट अवघड नाही. मी त्याला म्हणते की अशा लोकांनी खेळणी करू नयेत, ज्यांना क्रमांक पाठ असतो आणि स्क्रू दप्तरात असतो. त्यावर तो म्हणतो की जी माणसे एकदा घाबरली आहेत, त्यांनीच करावीत. हेही मला खोडता येत नाही.

पण मला छळते ते व्हॅनमधले नव्हे, नंतरचे. अहवालात त्या दिवसाचे वर्णन एका ओळीत आहे: "सेलच्या झाकणात सुधारणेस वाव आहे." ही ओळ माझी. चारही जणांनी वाचली, मान डोलावली. मार्गदर्शकांना काय घडले हे कोणी सांगितले नाही, आणि त्या अहवालाला आम्हाला चांगले गुण मिळाले. खेळणे पुढे न्यायचे तर हीच ओळ पुन्हा कोणासमोर तरी ठेवावी लागेल आणि या वेळी खरी लिहावी लागेल. मित्राला हे कारण पटत नाही. मग आता लिही ना खरी, असे तो म्हणतो.

गेल्या आठवड्यात त्याने पुन्हा रेखाचित्रे मागितली. मी झाकणाची फाइल उघडली आणि स्क्रूसाठी भोक टाकून पाहिले. ते कडेच्या फार जवळ येत होते, प्लास्टिक पुन्हा तिथेच तुटले असते. कड दीड मिलिमीटरने वाढवली, मग तबकडी मुलाच्या मुठीला मोठी वाटू लागली. फाइल तशीच ठेवली आहे. त्याला अजून काही कळवलेले नाही.