शेफील्डचं धरण आणि आजीचं पानशेत

२५ डिसेंबरला इंग्लंडमध्ये आगगाड्या धावत नाहीत. लंडनची भुयारी रेल्वे आणि बसगाड्याही बंद. त्यामुळे नाताळ कुठे करायचा ते आधीच ठरवून वेळेत तिथे पोचावं लागतं. मी अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीतून एका वर्षासाठी लंडनला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला आले आहे. आईबाबा न्यू जर्सीत एडिसनला, आजी पुण्यात, आणि हॉस्टेल जवळजवळ रिकामं. वर्गातल्या मैत्रिणीच्या आईला हे कळलं, तेव्हा तिने थेट मलाच फोन केला. म्हणाली, "तेवीसला ये. वरची खोली तुझी."

सेंट पँक्रसहून गाडीने शेफील्डला जायला दोन तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. शहराच्या वायव्येला लॉक्सली नदीचं खोरं आहे. तिथल्या एका गावात चढावर त्यांचं दगडी घर आहे. घरात मैत्रीण, तिचा धाकटा भाऊ, आईवडील आणि आईचे वडील. आजोबांनी सगळी नोकरी पोलादाच्या कारखान्यात काढली. कान थोडे गेलेत, पण स्मरणशक्ती तल्लख.

मला त्या घरात सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की त्यांनी मला पाहुणी म्हणून सोफ्यावर बसवून ठेवलं नाही. चोवीसच्या दुपारी ओट्याशी उभं करून हातात सुरी दिली आणि समोर ब्रसेल्स स्प्राउट्सचा ढीग ठेवला. लिंबाएवढ्या त्या कोब्या. वरची पानं काढायची आणि देठाला फुलीसारखी चीर द्यायची, म्हणजे आतपर्यंत शिजतात. तेवढ्यात रेडिओवर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधला कार्यक्रम लागला. तो दरवर्षी नाताळच्या आदल्या दुपारी तीनला असतो. सुरुवातीला एकच मुलगा एकटा गातो, मागे एकही वाद्य नाही. मैत्रिणीच्या आईने गॅस बारीक केला आणि ते कडवं संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशीचं जेवण मोठं होतं. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी शेंगदाणे-काजू-मशरूमचा वेगळा नट रोस्ट केला होता. तो इतका छान झाला होता की टर्की खाणाऱ्यांनीही ताटात वाढून घेतला. दोघांनी दोन टोकं धरून ओढायच्या नाताळच्या कागदी नळकांड्याला इथे फटाका म्हणतात, त्यातून निघणारे कागदी मुकुट सगळ्यांनी घातले, आजोबांनी तर चष्म्यावरून. तीन वाजता टीव्हीवर राजाचं भाषण. ही प्रथा पंचम जॉर्जने १९३२ साली रेडिओवरून सुरू केली. टेबलावर नारिंगी लेबलची हेंडरसन्स रेलिशची बाटली होती. हे शेफील्डचं सॉस, इथले लोक ते सगळ्यावर घालतात. मला पहिल्याच घासाला ओळखीची चव लागली, म्हणून बाटली फिरवून वाचलं. चिंच, लवंग आणि लसणाचं तेल! मग मीही ते सगळ्यावर घातलं.

बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ तारखेला, आम्ही शेजारच्या गावातल्या पबमध्ये गाणी ऐकायला गेलो. या भागात नाताळची खास स्थानिक गाणी आहेत. एकेकाळी गावातलेच वादक-गायक ती चर्चमध्ये म्हणत. व्हिक्टोरियन काळात चर्चच्या संगीताला नवी शिस्त लावताना त्यांना बाजूला केलं गेलं, तेव्हा लोकांनी आपली गाणी उचलली आणि पबमध्ये नेली. आजही नोव्हेंबरच्या मध्यापासून बॉक्सिंग डेपर्यंत ती तिथे म्हटली जातात. पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या हातात कागद नाही, सगळ्यांचं सगळं पाठ, आणि आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरत होती. मेंढपाळ रात्री कळप राखत बसलेत, या अर्थाचं एक गीत आहे, त्याला इथे कितीतरी चाली आहेत. एक संपली की थोड्या वेळाने तेच शब्द दुसऱ्या चालीत. वारीत एकच अभंग पुढच्या दिंडीत वेगळ्या चालीत कानावर पडतो, अगदी तसं. आजोबांना बोलणं नीट ऐकू येत नाही, पण गाताना त्यांचा एकही सूर हलला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा म्हणाले, "तू धरणं शिकतेस ना? चल, एक दाखवतो."

ते डेल डाइक. लो ब्रॅडफील्ड गावाच्या वर, दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये शांत पाणी. आत्ता दिसतं ते धरण १८७५ सालचं. आजोबा मला त्याच्या खालच्या अंगाला झाडीत घेऊन गेले. ओलं गवत, निसरडी वाट, त्यांची काठी आणि माझा हात. तिथे जमिनीतून एक बुटका दगड वर आलेला आहे. त्यावर शेवाळ होतं. आजोबांनी हातमोजा काढून अंगठ्याने ते खरवडलं आणि खालून चार इंग्रजी अक्षरं निघाली: सी, एल, ओ, बी. जुन्या बांधाची मध्यरेषा दाखवणारी ही खूण आहे.

जुना बांध इथे होता. मातीचा, मधोमध मळलेल्या चिकणमातीची भिंत. ११ मार्च १८६४ ला तो पहिल्यांदाच काठोकाठ भरत आला होता आणि वारा सुटला होता. संध्याकाळी बांधावरून घरी चाललेल्या एका कामगाराला बारीक भेग दिसली. इंजिनिअर आले, झडपा उघडल्या, सांडवा सुरुंगाने उडवून पाणी उतरवायचाही प्रयत्न झाला. मध्यरात्रीच्या सुमारास बांध गेला. खोऱ्यातल्या गिरण्या, पूल, घरं घेऊन पाणी थेट शेफील्ड शहरात शिरलं. किमान २४० माणसं गेली, कित्येक झोपेतच. नेमकं कारण काय यावर इंजिनिअर लोक पुढे कितीतरी वर्षं भांडले. पाणी सोडायचे नळ बांधाच्या पोटातून नेले होते, त्यांच्याकडे अनेकांनी बोट दाखवलं.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ही गोष्ट मला माहीत होती. मी आजोबांना पानशेत सांगितलं. १२ जुलै १९६१. तेही मातीचं धरण, तेही पहिल्यांदाच भरत असलेलं, पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं आणि त्या मोरीवरच बांध खचत गेलेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं. माझी आजी तेव्हा चौदा वर्षांची, नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात राहायची.

आजोबा थांबले. "आहे अजून?" मी म्हटलं, आहे, कोथरूडला असते. "मग तिलाच विचारू या की."

घरी येऊन फोन लावला तेव्हा पुण्यात दिवेलागण झाली होती. फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. आजोबा त्यावर वाकून बसले आणि मी दुभाषी झाले. "पूर आला आणि वाडा गेला," यापलीकडे आजी आम्हाला कधी काही बोलली नव्हती. आम्हीही विचारलं नव्हतं. आजोबांचे प्रश्न मात्र नेमके होते. पाणी आधी कुठून आलं? कुठल्या बाजूला पळालात? परत आलात तेव्हा पहिलं काय दिसलं?

"अगं, आधी मोरीतून वर आलं," आजी म्हणाली. "आई म्हणाली, मोरी तुंबली वाटतं. तोवर बोळात आरडाओरडा सुरू झाला. लक्ष्मी रोडकडे पळालो. बाबांनी देव्हाऱ्यातले देव पंच्यात बांधले. मी दप्तर घेतलं आणि धाकट्याचा हात धरला."

परत आल्यावर काय दिसलं, यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चिखल. नुसता चिखल. मागची भिंत बसली होती. आईचं शिवणाचं मशीन त्या चिखलात आडवं पडलं होतं. ते तिने उचलून आणलं, धुतलं, तेल पाजलं, आणि माझ्या लग्नातले परकर-पोलकी त्याच्यावरच शिवली. आणि सांग त्यांना, एवढं पाणी येऊन गेलं, पण प्यायला थेंब नाही! खडकवासलाच गेलं, तर नळाला येणार कुठून? वाड्याची विहीर गाळाने भरलेली."

आजोबा शब्द न् शब्द ऐकत होते. शेवटी आजीनेच विचारलं, "त्यांच्याकडच्या लोकांना भरपाई मिळाली का रे, विचार बाई."

त्याचं उत्तर आजोबांकडे तयार होतं. १८६४ च्या पुरानंतर ते धरण बांधणाऱ्या पाणी कंपनीकडे सहा हजारांहून जास्त दावे आले. ते सगळे शेफील्डच्या एका विद्यापीठाने उतरवून इंटरनेटवर ठेवले आहेत, कुणालाही वाचता येतात. मैत्रिणीच्या भावाने लॅपटॉप आणला आणि रात्री आम्ही सगळे ते वाचत बसलो. काय गेलं आणि त्याची किंमत काय, हे लोकांनी ओळीने लिहून दिलंय. कपडे, भांडी, अंथरुणं, हत्यारं. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मी धरणफुटीचे आलेख खूप काढले असतील, पण खालच्या गावात एका घरात काय काय होतं हे तिथे कुणी शिकवत नाही. माझ्या मते शिकवायला हवं. बांधाची सुरक्षितता कशासाठी मोजायची, ते त्या यादीत लिहिलेलं आहे.

लंडनला परत आल्यापासून दर रविवारी मी आजीला फोन करते आणि ती वाड्यातल्या वस्तू सांगते. तांब्याचं घंगाळ, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या दोन बरण्या, बाबांची छत्री, भिंतीवरचं घड्याळ. खोलीवार लिहून घेते आहे. माजघर झालं, आता स्वयंपाकघर चालू आहे. मैत्रिणीच्या आजोबांना इंग्रजी प्रत हवी आहे, ती मी टपालाने पाठवणार. शनिवार, नारायण, कसबा किंवा सोमवार पेठेत ज्यांच्या घरी पानशेत पाहिलेलं माणूस अजून आहे, त्यांनी या रविवारी एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुरुवात मोरीपासून करा, म्हणजे पाणी आधी कुठून आलं इथून. पुढचं ते आपणहून सांगतील.