तुम्ही विचारलंत म्हणून: कोविडमध्ये टिकलात, मग नंतर का सोडलीत?

नात्यातलं लग्न असो की सोसायटीची मीटिंग, हा प्रश्न येतोच. "सिस्टर, कोविडमध्ये नाही सोडलीत, मग सगळं निवळल्यावर नोकरी का सोडलीत?"

मी तेव्हा ठाण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूत होते, राहायला कळव्यात. पीपीई किट चढवलं की उतरवेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. पाळी असेल तर विचारूच नका. पण तो थकवा शरीराचा होता, झोपलं की उतरायचा. २२ मार्चच्या थाळ्यांनाही मी नावं ठेवणार नाही. आमच्या आईनेही वाजवली होती.

खरं बिनसलं ते दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी, असं शिकून आम्ही आलो. प्रत्यक्षात एका नर्सकडे चार-चार पेशंट. पेशंटला पालथं करायचं तर एक जण डोक्याशी नळी धरायला लागतो, दोन्ही बाजूंना आणखी माणसं लागतात. ती गोळा होईस्तोवर पलीकडच्या बेडचा अलार्म सुरू. मग जीव वाचवणारं तेवढं व्हायचं आणि बाकीचं राहायचं. तोंड पुसणं, कूस बदलणं, मुलीला व्हिडिओ कॉल लावून देणं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणजे हे करणारं आमच्याशिवाय कुणी नव्हतंच. चार्टवर यातलं काही दिसत नाही. घरी आल्यावर अंथरुणात मात्र तेच दिसायचं.

लाट ओसरली तशा कंत्राटी मुली कमी केल्या. वॉर्ड भरलेलेच, साठलेल्या रजेवर उत्तर एकच, "बघू." वर तणावमुक्तीचं ऑनलाइन शिबिर, तेही नाइट करून आल्यावर सकाळी अकराला! (हजेरी सक्तीची, हे वेगळं सांगायला नको.) तोवर मी पेशंटला नावाऐवजी बेड नंबरने ओळखायला लागले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची हीच लक्षणं दिली आहेत: शक्ती संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. आणि तो आजार न मानता त्याचं नातं कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाशी लावलंय. मग मी कितीही प्राणायाम केला तरी ड्यूटी लिस्टवरची नावं कशी वाढणार?

नर्सिंग मी सोडलेलं नाही. आता ऐरोलीत एका डायलिसिस युनिटमध्ये आहे. मुलाखतीत पगाराच्या आधी मी विचारलं, "एका शिफ्टला एका नर्सकडे किती मशीन?" समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण आकडा सांगितला. झेपण्यासारखा होता. मग पगाराचं बोललो.