लासनचं उकळतं तळं: वॉर्नर व्हॅलीत जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून लाँग वीकेंडला कुठे जायचं म्हटलं की सगळे टाहो नाहीतर शास्ता म्हणतात, लासन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कचं नाव फार कमी लोक घेतात, आणि गेलेच तर मेन रोडवरचं बंपस हेल, म्हणजे गरम झरे नि उकळत्या चिखलाची जागा, बघून परत येतात. आम्ही यावेळी मुद्दाम पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातल्या वॉर्नर व्हॅलीत गेलो, बॉइलिंग स्प्रिंग्ज लेक बघायला. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा आणि आमची सात वर्षांची मुलगी. जागा अप्रतिम आहे, सगळ्यांनी जावं असं मनापासून वाटतं, पण तिथे कसं वागायचं हे जायच्या आधी घरी बसून बोलून घ्या, म्हणून हे लिहितेय.

आधी रस्ता. पार्कचा जो मुख्य हायवे आहे त्यावरून वॉर्नर व्हॅलीत उतरता येत नाही, गूगल मॅपवर जवळ दिसतं पण मध्ये डोंगर आहेत. तुम्हाला हायवे ३६ वरच्या चेस्टर गावात यायचं आणि तिथून वॉर्नर व्हॅली रोड धरायचा, साधारण १७ मैल, शेवटचे काही मैल कच्चा रस्ता. साधी कार हळूहळू जाते, ट्रेलर मात्र नेऊ नका. बर्फ असेपर्यंत हा रस्ता बंद असतो, म्हणजे साधारण जून ते ऑक्टोबर हाच काळ, तोही त्या वर्षीच्या बर्फावर अवलंबून. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर रोड आणि ट्रेलची स्थिती बघाच. पेट्रोल, पाणी, खाणं सगळं चेस्टरमध्येच घ्या, पुढे काही मिळत नाही, आणि फोनला रेंज नाही, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा.

ट्रेल जाऊन-येऊन ३ मैलांच्या आसपास, चढ अगदी थोडा. आमच्या आईचे गुडघे दुखतात पण काठी घेऊन ती आरामात चालली. सुरुवातीला ओलसर कुरण आणि हॉट स्प्रिंग्ज क्रीक, मग झाडी. जूनच्या शेवटी नि जुलैत कुरणात डास खूप असतात, आम्ही सप्टेंबरमध्ये गेल्यामुळे वाचलो. २०२१ च्या डिक्सी फायर नावाच्या वणव्यात पार्कचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग आगीच्या पट्ट्यात आला होता, त्यामुळे या भागात बऱ्याच ठिकाणी नुसते काळे खोड उभे दिसतात. ते बघून वाईट वाटतंच, पण व्यवहाराची गोष्ट म्हणजे जळकी झाडं वाऱ्यात पडतात, म्हणून जोराचा वारा असेल त्या दिवशी जाऊ नका आणि अशा झाडांखाली डबा उघडून बसू नका. सावली कमी झालीय, टोप्या हव्यातच.

तळं दिसायच्या आधी वास येतो, हायड्रोजन सल्फाइडचा, सडक्या अंड्यासारखा. मग झाडांमधून एकदम ते समोर येतं, दुधाळ हिरवट, कडेला पिवळा-तांबूस गाळ, आणि पाण्यावरून वाफ तरंगतेय. पाण्याचं तापमान ५२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ते चांगलंच आम्लधर्मी आहे. तळाशी वाफेची तोंडं आहेत. डोंगरावरचं पाऊस-बर्फाचं पाणी खोल झिरपतं, खाली ज्वालामुखीच्या उष्णतेने तापतं, वाफ होऊन वर येतं, आणि त्या वाफेसोबतच्या वायूंपासून जे ॲसिड बनतं ते आजूबाजूच्या दगडाची माती करून टाकतं. मातीचे हेच बारीक कण पाण्यात तरंगतात, म्हणून ते असं गढूळ दिसतं. अशा पाण्यातसुद्धा सूक्ष्म जीव राहतात, इतकंच नाही तर २०१२ मध्ये पोर्टलंडच्या संशोधकांना याच तळ्याच्या नमुन्यात डीएनए आणि आरएनए दोन्हीकडच्या विषाणूंचे जीन्स एकत्र असलेला एक नवाच विषाणू सापडला. मला तर हे वाचूनच इथे यायचं होतं.

बाबांना मात्र पाय बुडवायचे होते. साहजिक आहे, आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, गरम पाण्याचं कुंड म्हणजे अंघोळ करायची जागा, सांधे मोकळे होतात, बाजूला देऊळ असतं. त्या सवयीने आपली मोठी माणसं इथेही सरळ काठाकडे निघतात. त्यांना आधीच समजावून सांगा की आपल्या कुंडांचं पाणी जमिनीत खोल जाऊन तापून येतं, खाली धगधगता ज्वालामुखी नसतो, आणि इथला लासन पीक हा ज्वालामुखी १९१४ ते १९१७ मध्ये वारंवार फुटलेला आहे. ५२ अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी दोनेक मिनिटांत खोल भाजते, लहान मुलांची त्याहून लवकर, आणि वाफेच्या तोंडाजवळ पाणी याहून कितीतरी जास्त गरम असतं.

पण खरा धोका पाण्यापेक्षा जमिनीचा आहे, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. काठाची पांढरी-पिवळी जमीन वाळलेली, टणक दिसते, माणूस सहज उभा राहील असं वाटतं, पण ती मातीची पातळ खपली असते आणि खाली उकळता चिखल. तळ्याच्या आग्नेय काठावर मडपॉट्स आहेत, तिथे चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो, ते बघितलं की खाली काय आहे याची कल्पना येते. बंपस हेलला ज्याचं नाव दिलंय त्या केंडल बंपसचं हेच झालं, १८६० च्या दशकात लोकांना ती जागा दाखवताना त्याचा पाय खपलीतून आत गेला आणि भाजलेला पाय शेवटी कापावा लागला. जागा त्याला चांगली माहीत होती, तरीही. आणि बंपस हेलला आता लाकडी फळ्यांची पायवाट बांधलीय, इथे तसं काही नाही, मातीची पायवाट आहे. त्यामुळे पायवाट सोडायची नाही, कुंपण असेल तिथे त्याच्या आतच, फोटोसाठी एक पाऊलसुद्धा पुढे नाही. जुन्या फोटोत किंवा रीलमध्ये कोणी काठावर उभं दिसलं तरी त्यावर जाऊ नका, इथली तोंडं आणि काठ बदलत राहतात.

लहान मुलांचा हात धरा, म्हणजे खरंच हातात हात, "माझ्यासमोर राहा" पुरत नाही. आम्ही तळं दिसण्याआधीच थांबून ठरवलं की आता परत झाडीत येईपर्यंत हात सुटणार नाही, आणि मुलीने ऐकलं, कारण तिला का ते सांगितलं होतं. कुत्रा असेल तर घरी ठेवा, ट्रेलवर परवानगीच नाही, आणि ते योग्यच आहे. १९८१ मध्ये यलोस्टोनला एका तरुणाने मित्राच्या कुत्र्याला वाचवायला गरम कुंडात उडी मारली आणि तो गेला. काही पाण्यात पडलं, टोपी, फोन, काहीही, तर ते गेलं असं समजायचं. वास फार उग्र वाटला, डोकं जड झालं तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला सरका, दमा असलेल्यांनी वाफेजवळ रेंगाळू नये.

तरी कोणी भाजलंच तर लगेच अंगठी, मोजे, ओले कपडे काढा, चिकटलेलं कापड ओढू नका, स्वच्छ गार पाणी २० मिनिटं ओता. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. यासाठी पिण्याच्या पाण्याशिवाय दोन जास्तीच्या बाटल्या बॅगेत हव्यात, ट्रेलवरच्या ओढ्यावर भिस्त ठेवू नका. रेंज नसल्यामुळे ९११ लागेलच असं नाही, फोनमध्ये सॅटेलाइट एसओएस असेल तर ते कसं वापरायचं हे घरीच बघून या.

सकाळी लवकर गेलात तर गारव्यात वाफ जास्त दिसते आणि पार्किंगही मिळतं. ताकद उरली तर त्याच भागातून डेव्हिल्स किचनला जाता येतं, तो ट्रेल जाऊन-येऊन ४ मैलांहून थोडा जास्त. टर्मिनल गीझर नावाचं ठिकाणही आहे, तिथे खरा गीझर, म्हणजे थांबून थांबून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, नाही, थंड ओढ्याच्या पाण्यातून जोरात वाफ निघते, आई-बाबा सोबत असतील तर एका दिवसात दोन्ही करू नका. बंपस हेल त्याच ट्रिपमध्ये जोडायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा, कारण चेस्टरवरून पूर्ण वळसा घालून नैऋत्येच्या गेटने आत जावं लागतं.